केळेवाडीचा नाट्योत्सव

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना कंपन्यांची नावं ओठांवर आधी येतात: किर्लोस्कर, ललितकलादर्श, गंधर्व, बळवंत. या कंपन्यांची बिऱ्हाडं एकामागून एक मोडली तेव्हा मुंबईत नाटक कोणी धरून ठेवलं, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर चर्नी रोड स्टेशनला उतरून गिरगावातल्या केळेवाडीत जावं लागतं. तिथं मुंबई मराठी साहित्य संघानं दरवर्षी भरवलेल्या नाट्योत्सवानं जे काम केलं, ते एखाद्या मोठ्या कंपनीच्या तोडीचं होतं, आणि ते करणारी बहुतेक माणसं दिवसा दुसरीच नोकरी-व्यवसाय करत होती.

गिरगावाला नाटक नवं नव्हतं. सांगलीला ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे १८५३ मध्ये मुंबईला आले आणि ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांचे खेळ झाले. त्या थिएटरामागे नाना शंकरशेट यांचं मोठं बळ होतं. पुढे १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तसे मेळे, व्याख्यानं, गाण्याच्या बैठका आणि हौशी नाटकं यांनी चाळींचे चौक गजबजू लागले. ब्राह्मण सभेसारख्या संस्थांनी संगीताला आणि नाटकाला घर दिलं. चाळीतल्या दीड खोलीत राहणाऱ्या माणसाला भास्करबुवा बखल्यांची चाल कोणती आणि गोविंदराव टेंब्यांची कोणती, हे कळत होतं. सांस्कृतिक केंद्र हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी गिरगाव तसं केंद्र होतं.

मग पडझड सुरू झाली. १९२१ च्या ८ जुलैला टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’ म्हणजे संगीत नाटकाच्या वैभवाचा कळस. एका रंगमंचावर बालगंधर्व आणि केशवराव भोसले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कर लागू झाला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलला आणि नाटकगृहांचे मालक पडदा टांगून मोकळे झाले. त्यांना दोष तरी काय द्यायचा? नाटक कंपनी म्हणजे शे-दीडशे माणसांचं फिरतं घर, आणि सिनेमाच्या रिळाला ना जेवण लागे ना पगार. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीचा डोलारा कोसळला. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ करून नव्या नाटकाची वाट दाखवली, पण ती संस्थाही फार काळ तग धरू शकली नाही.

अशा काळात, १९३५ साली, साहित्य संघ स्थापन झाला. नावाप्रमाणे त्याचं काम साहित्याचं. नाटकाकडे त्याला वळवलं ते डॉ. अमृत नारायण भालेराव यांनी. पेशा डॉक्टरचा आणि ध्यास रंगभूमीचा. १९४३ मध्ये सांगलीला मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली. त्यापाठोपाठ १९४४ मध्ये मुंबईत संघानं शताब्दी महोत्सव घेतला, तोही उघड्या मैदानावर. काळ कसा होता? महायुद्ध चालू होतं, रेशनच्या रांगा होत्या आणि त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत भीषण स्फोट झाला. अशा वर्षात नाटकाचा महोत्सव भरवणं हे धाडस होतं. लोक आले, मैदान भरलं, आणि नाटकाला प्रेक्षक उरलेला नाही हे म्हणणं खोटं ठरलं.

भालेरावांचं मोठेपण मात्र त्याच्या पुढच्या पावलात आहे. शताब्दी एकदाच येते. उत्सव संपला की मंडप उतरतो, हिशेब होतो आणि मंडळी घरी जातात. संघानं तसं होऊ दिलं नाही. नाट्योत्सव दरवर्षीचा केला, आणि केळेवाडीतल्या संघाच्या जागेत खुला रंगमंच उभा राहिला.

दरवर्षी नाटक होणार, या एका खात्रीनं काय काय साधलं हे नीट पाहण्यासारखं आहे. कंपन्यांच्या जमान्यात नट कंपनीचा असे. गंधर्व मंडळीतला माणूस ललितकलादर्शच्या नाटकात दिसणं ही अपूर्वाईची गोष्ट, म्हणून तर संयुक्त प्रयोगांना गर्दी लोटे. संघाच्या उत्सवात ही कुंपणं गळून पडली. नानासाहेब फाटक, केशवराव दाते यांच्यासारखे मुरलेले नट आणि कालपर्यंत कॉलेजच्या स्नेहसंमेलनात काम करणारी पोरं एकाच तालमीला बसू लागली. तरुणांना संवादफेक शिकायला पुस्तक लागत नव्हतं. शेजारी उभे असलेले नानासाहेब मायक्रोफोनच्या आधाराशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य कसं पोचवतात, श्वास कुठे घेतात, हे विंगेत उभं राहून पाहायचं. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करायच्या हेही अशा उत्सवांतून अंगवळणी पडलं. घरंदाज बायकांनी नाटकात काम करणं अजून सगळ्यांच्या पचनी पडलं नव्हतं, तेव्हा साहित्य संघ हे नाव घरच्यांची समजूत घालायला पुरेसं असे.

१९५४ हे वर्ष संघासाठी विशेष. ब्रिटिश दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल यांनी संघासाठी ‘राजमुकुट’ बसवलं. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’चं हे मराठी रूप वि. वा. शिरवाडकरांचं, आणि प्रमुख भूमिकांत नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे. गिरगावातली एक संस्था, परदेशी दिग्दर्शक, नाशिकचा कवी, कंपनीच्या काळातला नट आणि ‘अयोध्येचा राजा’तली तारामती, हा मेळ कोणत्याही धंदेवाईक कंपनीला जुळवता आला नसता. त्याच वर्षी दिल्लीत संगीत नाटक अकादमीचा पहिला राष्ट्रीय नाट्यमहोत्सव भरला. तिथं खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’नं मराठीची बाजू मांडली. १९०९ सालचं नाटक, विषय नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा, आणि आनंदीबाईंच्या भूमिकेत दुर्गाबाई. जुनं नाटक नव्यानं उभं केलं तर ते पंचेचाळीस वर्षांनीही ताठ उभं राहतं, याचा हा पुरावा. दाजी भाटवडेकर संघाच्या याच वातावरणात वाढले, आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’मधल्या काकाजींशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं.

संगीत नाटकाची गोष्ट थोडी वेगळी. गद्य नाटक चार महिन्यांच्या तालमीत उभं राहतं. संगीत नाटकाला गाणारा नट लागतो, ऑर्गनवर बसणारा जाणता माणूस लागतो, आणि नटाचं बोलणं पदात कधी शिरणार हे ओळखून हात उचलणारा तबलजी लागतो. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते. अशी माणसं पोसणं कंपनी बंद पडल्यावर कोणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून नांदी, तिसरी घंटा आणि एका पदाला तीनदा ‘वन्स मोअर’ ही सगळी रीत टिकली ती उत्सवांमुळे आणि संस्थांमुळे. ललितकलादर्शचे भालचंद्र पेंढारकर हा त्यातला लखलखीत अपवाद; १९४२ मध्ये वडिलांची संस्था पुन्हा उभी करून त्यांनी ती आयुष्यभर चालवली.

इथं मुंबईतल्या गोवेकरांचं ऋण मानलंच पाहिजे. १९१९ मध्ये स्थापन झालेली ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’ ही मुळात गोव्याहून मुंबईला आलेल्या माणसांच्या मदतीसाठी उभी राहिलेली संस्था. तिच्या कला विभागानं जुनी संगीत नाटकं केलीच, पण १९६४ मध्ये वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ आणि १९६६ मध्ये शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ आणून नाट्यसंगीताला नवा सूर दिला. तो सूर मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचा. रामदास कामतांच्या गळ्यातून ती पदं घराघरांत गेली. १९७० च्या २३ डिसेंबरला ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणणारी संस्थाही हीच.

१९६४ मध्ये केळेवाडीत साहित्य संघ मंदिराची पक्की वास्तू उभी राहिली. आतल्या नाट्यगृहाला डॉ. भालेरावांचं नाव आहे, बाहेरच्या रस्त्यालाही आहे. वास्तू झाली आणि प्रयोग बारमाही झाले. पुढे नाटकाचा मुक्काम दादरकडे सरकला. शिवाजी मंदिर आलं, ‘आविष्कार’नं १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकाला हक्काची जागा दिली. गिरगावातल्या खोल्या विकून माणसं बोरिवली, ठाणे, डोंबिवलीला गेली. प्रेक्षकच निघून गेला, तशी केळेवाडीची गर्दी ओसरली.

आज त्या उपनगरांत नाट्यगृहं आहेत. ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ पासून उभं आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे यांच्या नावाचं आहे. खुर्च्या आहेत, दिवे आहेत, वातानुकूलन आहे. केळेवाडीत यातलं काहीही नसताना नाटक जगलं, कारण तिथं तारखा ठरलेल्या होत्या आणि त्या पाळणारी माणसं होती. या उपनगरांतल्या मंडळांनी आणि ग्रंथालयांनी वर्षातले आठ दिवस नाट्योत्सवासाठी राखून ठेवावेत, त्यात एक तरी संगीत नाटक ऑर्गन-तबल्यासह व्हावं, आणि पहिली दोन वर्षं तोटा आला तरी तिसऱ्या वर्षाची तारीख आधीच जाहीर करावी. आणि तुमच्या भागात असा उत्सव असेल, तर पासाची वाट न पाहता तिकीट काढून जा.