गडचिरोलीहून उल्हास नदीकाठी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांतून आशाताई बाळाचे वजन करावयास येते, तेव्हा ही रीत कोठून आली हे आम्ही सहसा विसरतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत तेथीलच स्त्रियांना नवजात शिशूंची घरी शुश्रूषा शिकविली. नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. शासनाने ही पद्धत देशभर स्वीकारली २०११ साली. वजनकाटा आला, तापमापक आला, गृहभेटी आल्या. मात्र जंतुदोष झालेल्या बाळास ग्रामीण आरोग्यदूत जे इंजेक्शन देत, ते आशाताईंच्या हाती देण्यात आले नाही. या स्त्रियांवर गडचिरोलीने टाकलेला विश्वास आम्ही केव्हा टाकणार?