डाव्या वहाणेची उजवी वहाण

डाव्या पायाचा ठसा कागदावर काढून कापा आणि टेबलावर ठेवा. टेबलावर तो कितीही सरकवला, फिरवला तरी उजव्या पायाचा होणार नाही. उचलून पालथा घातला की झाला! उंचीची तिसरी दिशा त्याच्या कामी आली. पायातली वहाण अशी पालटण्यास मात्र चौथी दिशा हवी. १८२७ साली जर्मन गणिती मोबियस यांना हे दिसले होते. पण असा अवकाश कल्पिताच येत नाही, म्हणून त्यांनी ते अशक्य ठरविले.

१८५४ साली रीमान यांनी गॉटिंगेनच्या व्याख्यानात ही अडचण दूर सारली. मिती म्हणजे स्वतंत्रपणे बदलणारी एक राशी. मग त्या तीनच का? तिनांहून अधिक मितींचा अवकाश तो हायपरस्पेस. आमची हयात पगारपत्रके तपासण्यात गेली. हजेरी, दर, महागाई भत्ता, जादा तास हे चार रकाने भरले की कामगार चार मितींतला एक बिंदू झालाच. हिवरे बाजारचे गावकरी पाऊस, विहिरींची पातळी, पिके यांचा ताळेबंद मांडतात, तेथेही हेच. संगणकवाल्यांनी तर ही भूमिती तारांत उतरविली. १९८३ च्या अमेरिकेतील 'कॉस्मिक क्यूब'मध्ये ६४ संगणक सहा मितींच्या घनाच्या कोपऱ्यांप्रमाणे जोडले होते. कोठलाही निरोप फार तर सहा टप्प्यांत पोचे.

कथाकारांनी या शब्दाची आडवाट केली. जॉन कॅम्पबेल यांच्या १९३१ च्या कादंबरीपासून अंतराळयाने हायपरस्पेसमधून धावू लागली. गणित त्यात नावापुरतेच, असे आमचे मत. त्यापेक्षा वेल्स यांची १८९६ ची प्लॅटनरची कथा आम्हांस अधिक मोलाची वाटते. तो परततो तेव्हा त्याचे काळीज उजवीकडे असते.

मराठीत हा धागा जयंत नारळीकरांनी उचलला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनी कथा धाडली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरेही आरशात धरल्यासारखी उलटी! नाव झाकून बक्षीस मिळविले, याचे आम्हांस विशेष कौतुक. पुढे 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत त्यांनी मोबियसची पट्टी आणली आणि डाव्याचे उजवे करून दाखविले. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक, हे घरोघर ठाऊक. तेव्हा या पालटाने काय घडले, हे मराठी वाचकास समजावून सांगावे लागत नाही.

असा पालटलेला माणूस खरोखरच आला तर मात्र त्याची पंचाईत व्हायची. प्रथिनांच्या रेणूंनाही डावे-उजवे असते. त्याला आपली डाळ पचावयाची नाही.