त्रूव्हलोच्या जाळीतून निसटलेले

मॅसॅच्युसेट्समधलं मेडफर्ड, १८६० चं दशक. एतिएन त्रूव्हलो या फ्रेंच चित्रकाराने घरामागच्या पाच एकर झाडीवर जाळी टाकून पॉलिफिमस पतंगाच्या अळ्या पाळल्या होत्या. हा पतंग अमेरिकेचाच, आपल्या विदर्भातल्या टसरच्या पतंगाचा भाऊबंद. त्रूव्हलोला त्यापासून रेशीम हवं होतं. अळी ५६ दिवसांत जन्मवेळच्या वजनाच्या ८६,००० पट पाला खाते, असा हिशेब त्याने मांडला. पुढे ती पानं गुंडाळून कोश विणते. बाहेर पडलेला पतंग मात्र काहीच खात नाही. आठवडाभराचं आयुष्य, त्यातच जोडीदार शोधायचा.

एवढं हाताशी असताना गड्याने युरोपातून जिप्सी पतंगाची अंडी आणली. काही अळ्या निसटल्या. तो ग्रहताऱ्यांची चित्रं काढण्यात रमला, फ्रान्सला परतला. १८८९ मध्ये मेडफर्डची झाडं उघडीबोडकी झाली, घरांच्या भिंतींवर अळ्याच अळ्या.

उपाय म्हणून १९०६ मध्ये युरोपातूनच एक परजीवी माशी आणून सोडली. जिप्सी पतंगाची वर्षाला एकच पिढी, माशीच्या तीन-चार. उरलेल्या उन्हाळ्यात तिला दुसऱ्या अळ्या लागतात. त्यांत पॉलिफिमसच्याही असतात.