तोंडाचा वास आणि पोटातला अल्सर

आमच्या लहानपणी कुणाला अल्सर झाला की निकाल ठरलेला: तिखट बंद, चहा बंद आणि "फार टेन्शन घेतोस". माझ्या काकांनी वर्षानुवर्षं दूधभात खाल्ला.

ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसले. पोटातल्या ॲसिडमध्ये जंतू जगतीलच कसे, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जंतू काही प्रयोगशाळेत वाढेनात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि वाढले! १९८४ मध्ये मार्शल ते जंतू चक्क प्यायले. (बायकोला आधी सांगितलं नव्हतं, साहजिकच.) मळमळ, उलट्या सुरू झाल्या. तोंडाला घाण वास येतोय, हे आईच्या लक्षात आलं. तपासणीत अल्सर नव्हता, पण जठराला सूज होती. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी १९८९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना दातांवरच्या किटणातही सापडला. तिथे त्याचा कायमचा मुक्काम असतो की तो नुसता वाटसरू, यावर अजून वाद आहे. पण त्या चिकट थरात गोळ्यांचं औषध नीट पोचत नाही. गोळ्यांबरोबर हिरड्याही साफ केल्या तर दुखणं कमी वेळा उलटतं, असं काही अभ्यासांत दिसलंय.

काकांच्या हिरड्यांतून नेहमी रक्त यायचं. डॉक्टर "आ करा" म्हणायचे ते फक्त जीभ बघायला.