काडेपेटी, व्हॉल्व्ह ट्यूब आणि ओपन बुक परीक्षा

मुलांना सुट्टीत गुंतवायला 'घरच्या घरी विज्ञान' शोधायला गेलात तर जालावर ढीगभर सापडतं. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, स्ट्रॉची पिपाणी, फुग्यावर पळणारी गाडी... आपण त्याला टाइमपास समजतो. पण या प्रकाराला इतिहास आहे आणि तो बराच गंभीर आहे.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कितीतरी देशांत शाळांच्या प्रयोगशाळाच शिल्लक नव्हत्या. १९४८ साली युनेस्कोने उद्ध्वस्त देशांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी एक छोटं पुस्तक काढलं. लेखक जे. पी. स्टीफन्सन नावाचे ब्रिटिश शिक्षक. हाताशी असेल त्यातून तराजू, दिवा, भिंगं कशी जमवायची, हा विषय. गंमत म्हणजे जिथे प्रयोगशाळा पडल्या नव्हत्या (कारण मुळात बांधल्याच नव्हत्या!) तिथेही ते उपयोगी पडलं. मग १९५६ साली त्याचाच विस्तार होऊन युनेस्कोचं जाडजूड 'सोर्स बुक' आलं.

हे झालं पुस्तकांचं. आपल्याकडे मात्र यापुढची उडी मारली गेली.

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आताचं नर्मदापुरम) १६ सरकारी शाळांमध्ये एक प्रयोग सुरू झाला. पुढाकार 'किशोर भारती' आणि रसूलियाच्या 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांचा. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे टीआयएफआरमधली नोकरी सोडून आलेले. टीआयएफआर आणि दिल्ली विद्यापीठातली मंडळी मदतीला. सहावी ते आठवीच्या पोरांनी विज्ञान वाचायचं नाही, करायचं. चौघाचौघांची टोळी, समोर किट, आणि पुस्तकात उत्तरांऐवजी प्रश्न. एकच लांबी सगळ्यांनी मोजली तरी आकडे वेगवेगळे का येतात, यावर वर्गात चर्चा! आपल्यापैकी किती जणांना हा प्रश्न इंजिनियरिंगच्या आधी पडला होता? शंका आल्या की मुलं 'सवालीराम' या काल्पनिक माणसाला पत्र लिहीत आणि त्यांना खरोखर उत्तरं येत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला.

त्याच वर्षी अरविंद गुप्ता तिथे पोचले. १९७५ चे आयआयटी कानपूरचे इलेक्ट्रिकल इंजिनियर, पुण्यात टेल्कोत नोकरी, तिथून रजा काढून आलेले. गावच्या बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. बारीक काळी रबरी नळी. तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकांतून गूळ खरवडलेल्या काड्या आत सरकवायच्या. झाला सांधा. तुकड्याला बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा सांधा. आता त्रिकोण करा, कितीही दाबा, आकार सोडत नाही. चौकोन मात्र लगेच कलंडतो. पूल आणि छपरांच्या कैचीत त्रिकोणच का असतात, हे पोराला बोटांनी कळतं. मेकॅनोचा महागडा डबा लागत नाही.

पण माझ्या मते होशंगाबादची खरी करामत खेळण्यांत नव्हती, परीक्षेत होती. ती ओपन बुक होती आणि तिला प्रात्यक्षिकही होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी नुसता यूआय बदलला नाही, टेस्ट केसेसच बदलल्या. पाठांतर करून पास होणं शक्यच नाही! आणि याला राज्य सरकारची मान्यता होती, हे विशेष.

१९८२ साली 'एकलव्य' संस्था स्थापन झाली आणि काम आणखी जिल्ह्यांत गेलं. २००२ पर्यंत सुमारे हजार शाळा झाल्या, आणि त्याच वर्षी सरकारने कार्यक्रम बंद केला. एक अडचण पहिल्यापासून होती: आठवीपर्यंत प्रश्न विचारायचे आणि नववीत गेलं की पुन्हा तेच पाठांतर, तीच बोर्डाची परीक्षा. एकच मोड्यूल नवीन लिहून बाकी सिस्टिम जुनीच ठेवली की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

खेळणी मात्र टिकली. पुण्यात आयुकाच्या आवारात 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली, पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून. तिथे गुप्तांनी २०१४ पर्यंत काम केलं, शेकडो खेळणी फुकट जालावर टाकली, २०१८ ला पद्मश्री मिळाली. खेळण्यांना कुणाचाच विरोध नसतो हो, परीक्षेला हात लावला की सगळे जागे होतात.

असो. व्हॉल्व्ह ट्यूब जुन्या सायकल दुकानांत अजून मिळते. चौकोन कडक करायला एक आडवी काडी पुरते. पंचकोनाला किती, षटकोनाला किती? उत्तर काढून ठेवा, पण पोरांना सांगू नका.