वेताळाचे माध्यमांतर : आख्यायिका, चित्रकथा आणि दूरचित्रवाणी

१

चित्रकथेतील नायक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आला की 'मुळाशी इमान राखले गेले का' या एकाच प्रश्नाभोवती चर्चा फिरू लागते. या प्रश्नात दोन गृहीते दडलेली असतात. मूळ संहिता एक आणि स्थिर असते, हे पहिले. आणि माध्यमांतरात होणारा बदल हा बहुधा ऱ्हासच असतो, हे दुसरे. अतिमानवी नायकांच्या कथांचा इतिहास मात्र यांपैकी कोणत्याच गृहीताला दुजोरा देत नाही. सुपरमॅनचे मर्मस्थान म्हणून आज सर्वांना ठाऊक असलेले क्रिप्टोनाइट प्रथम १९४३ मध्ये नभोवाणीवरील मालिकेत आले आणि चित्रकथेने ते नंतर स्वीकारले. १९६७ मध्ये चित्रकथेत अवतरलेली बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल बॅटमॅनच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या निर्मात्यांच्या गरजेतून घडली. १९७७ च्या 'हल्क' मालिकेने नायकाचे नाव बदलले, त्याचे अतिमानवी शत्रू वगळले आणि त्याला गावोगाव भटकणारा एकाकी माणूस केले. 'मूळ' कथाच माध्यमांच्या देवघेवीतून घडत असेल, तर इमानाचा निकष फार दूर नेत नाही. कोणत्या माध्यमात कथेतला कोणता प्रश्न जिवंत राहिला आणि कोणता विझला, हे पाहणे अधिक फलदायी ठरते.

प्रस्तुत निबंधात हा विचार 'वेताळ' या नायकाच्या आधारे तपासावयाचा आहे. मराठी वाचकाच्या दोन पिढ्यांनी त्याला आपला मानले. आणि दूरचित्रवाणीवर येण्यापूर्वीच त्याची अनेक रूपांतरे होऊन गेली होती.

२

ली फॉक यांची 'फँटम' ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी आला. मुखवटा आणि अंगाबरोबरचा पोशाख ही पुढे रूढ झालेली चिन्हे फँटमजवळ आहेत. अतिमानवी शक्ती मात्र नाही. १५३६ मध्ये समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि ती शपथ पित्याकडून पुत्राकडे चालत राहते. मुखवटा तोच राहिल्याने जंगलातील लोक त्याला चारशे वर्षे जगणारा अमर पुरुष समजतात. वाचकाला मात्र ठाऊक असते की हा एकविसावा आहे, आणि कवटीच्या गुहेत आधीचे वीस चिरनिद्रेत आहेत.

कथेचा सारा रूपबंध या अंतरावर उभा आहे : जंगल काय मानते आणि वाचक काय जाणतो. 'जंगलातील जुनी म्हण' हे या मालिकेतील ठरलेले निवेदनतंत्र याच अंतराचे चिन्ह होय. वेताळाच्या अंगी दहा वाघांचे बळ आहे, असे म्हण सांगते. चित्रात दिसतो तो दमणारा, जखमी होणारा, युक्तीने सुटणारा माणूस. निवेदक म्हण उद्धृत करतो, तिला वस्तुस्थितीचा दर्जा देत नाही. आख्यायिका कशी रचली जाते, हे वाचकाच्या डोळ्यांसमोर घडत असते.

३

मार्च १९६४ मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनीने मुंबईतून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. १९९० पर्यंत ते चालले. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि अन्य भाषांतही ते निघत असे. वृत्तपत्रातील रोजच्या तीन-चार चौकटींची लय मोडून कथा ठरावीक पानांच्या पुस्तिकेत बसवताना चौकटी कापल्या जात, काही गाळल्या जात. म्हणजे मराठी वाचकाने ज्याला 'मूळ' मानले ते स्वतःच एक संपादित रूपांतर होते.

यातील सर्वांत दूरगामी बदल नावांचा होता. फँटमचा 'वेताळ' झाला. हा शब्द मराठीत रिकामा नव्हता. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा ग्रामरक्षक, भुतांचा अधिपती. आणि कथासाहित्यात तो राजाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा. 'वेताळपंचविशी' सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० मध्येच मराठी गद्यात आणली होती. या नावामुळे परक्या नायकाला आयते दैवत मिळाले, त्याचबरोबर अर्थाचा एक ताणही निर्माण झाला. मराठी मनातला वेताळ खरोखरच अमानुष आहे. चित्रकथेतला वेताळ अमानुष असल्याचे नाटक करणारा माणूस. वाचताना हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते.

दुसरा बदल स्थलनामाचा. ली फॉक यांच्या सुरुवातीच्या कथांतील जंगलाच्या नावात बंगालचा प्रतिध्वनी होता, आणि चाच्यांची टोळी 'सिंग' या नावाची होती. इंद्रजालमध्ये देशाचे 'डेंकाली' झाले, 'सिंग'चे 'सिंगा' आणि 'राम' या खलपात्राचे 'रामालु'. भारतीय वाचकाच्या भावना दुखावू नयेत, हा हेतू उघड आहे. परिणाम मात्र त्यापलीकडचा झाला. गोऱ्या माणसाच्या वंशपरंपरेने चाललेल्या पालकत्वावर जंगलाची शांतता अवलंबून आहे, असे ही कथा सांगते. ते जंगल आपल्या नकाशावरून उचलून डेंकाली नावाच्या कुठेही नसलेल्या ठिकाणी ठेवल्यावर वसाहतवादाचा प्रश्न वाचकाला टोचेनासा झाला. आपण त्या जंगलातील माणसांच्या बाजूचे की मुखवटेवाल्याच्या, असे स्वतःला विचारण्याची गरज उरली नाही.

ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात हे विशेष लक्षणीय आहे. ठाणे-कल्याण परिसराला ग्रंथालयांचा दीर्घ वारसा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. चित्रकथांचे वाचन मात्र मुख्यतः रेल्वे स्थानकावरचे स्टॉल, रद्दीची दुकाने आणि भाड्याने पुस्तके देणारी छोटी दुकाने यांच्या आधाराने चाले. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, तलासरी-उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्ट्यात, १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकर यांचे त्यावरील 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे इंद्रजालच्या भरभराटीच्या काळात. (या पट्ट्यातील डहाणू, तलासरी २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) एका पुस्तकातील जंगलाला त्राता लागत नाही, त्यातील माणसे स्वतः उभी राहतात, दुसऱ्यातील जंगल चारशे वर्षे त्रात्याची वाट पाहते. एकाच जिल्ह्यातल्या वाचकापर्यंत ही दोन्ही जंगले पोहोचू शकत होती. 'डेंकाली' या नावाने त्यांची गाठ पडू दिली नाही.

४

दूरचित्रवाणीने या कथेचे काय केले, हे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. १९८६ मध्ये अमेरिकेत 'डिफेंडर्स ऑफ द अर्थ' ही ६५ भागांची सचेतन मालिका निघाली. फँटम, मँड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन हे सारे, म्हणजे इंद्रजालच्या वाचकाचे ओळखीचे नायक, तीत २०१५ सालच्या काल्पनिक पृथ्वीचे रक्षण करताना दिसतात. या मालिकेतील फँटम जंगलाच्या नियमाला आवाहन करतो आणि त्याच्या अंगी खरोखरच दहा वाघांचे बळ संचारते.

हा बदल वरवर किरकोळ आहे. तत्त्वतः तो मूलगामी आहे. चित्रकथेत जी म्हण होती ती पडद्यावर वस्तुस्थिती झाली. निवेदक आणि जंगल यांच्यातले अंतर मिटले. हा सत्ताविसावा फँटम असल्याचे मालिका सांगते, पण ज्याच्याजवळ खरेच बळ आहे त्याला अमरत्वाचे नाटक करण्याचे काय कारण? वंशपरंपरा, शपथ, कवटीची गुहा ही सारी केवळ नेपथ्य होऊन बसतात. वसाहतवादाचा प्रश्नही सुटत नाही, तो फक्त अवकाशात हलवला जातो.

याचे कारण निर्मात्यांच्या समजुतीच्या अभावात शोधणे सोपे आहे, पण माध्यमाच्या व्यवहारात ते अधिक आहे. कोणताही भाग कोणीही, कोणत्याही क्रमाने पाहिला तरी समजला पाहिजे, ही अशा मालिकांची अट असते. वृत्तपत्रीय मालिका 'उशिरा आलेल्यांसाठी' एक चौकट राखून पूर्वजांचा इतिहास पुन्हा सांगत असे. वीस-बावीस मिनिटांच्या भागाला इतिहासापेक्षा शक्तीचे प्रदर्शन परवडते, कारण शक्ती डोळ्यांना दिसते आणि परंपरा सांगावी लागते. अर्थकारणाची सक्तीही असतेच. दूरदर्शननेही दाखवलेल्या १९६७ च्या स्पायडरमॅन सचेतनपटात नायकाच्या अंगरख्यावरचे जाळे गाळून ते मुखवटा, मोजे आणि बूट यांपुरतेच ठेवले होते. प्रत्येक चित्रात इतक्या रेषा काढणे वेळखाऊ होते. नायकाचे रूप अशा हिशेबांतूनही ठरते.

५

आपल्याकडे हा प्रवास आणखी एका वळणाने गेला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ नंतर राष्ट्रीय प्रक्षेपणाचा जोर वाढला आणि त्याची भाषा मुख्यतः हिंदी होती. रामानंद सागर यांच्या 'विक्रम और बेताल' (१९८५) या मालिकेने कथाचक्रातला वेताळ घरोघरी पोहोचवला. इंद्रजाल बंद पडल्यानंतर, १९९७ मध्ये, शाहबाज खान यांची भूमिका असलेली 'बेताल पचीसी' आली. तिचे शीर्षक जुन्या कथाचक्राचे आणि नायक चित्रकथेच्या वळणाचा, मुखवटाधारी. भाषांतरकाराने १९६४ नंतर जोडलेले नाते आता इतके सहज झाले होते की उसनवारीची खूणही उरली नव्हती. मात्र ठाण्या-डोंबिवलीच्या मुलाने मराठीत वाचलेला 'वेताळ' पडद्यावर हिंदी 'बेताल' होऊनच परत आला. चित्रकथेने आपल्या भाषेत दिलेले काहीतरी दूरचित्रवाणीने राष्ट्रीय भाषाव्यवहारात विरघळवले, या हानीची नोंद आपल्या समीक्षेने घ्यावयास हवी.

त्याच वर्षी, १३ सप्टेंबर १९९७ रोजी, 'शक्तिमान' सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. येथे क्रम उलटा आहे : नायक आधी पडद्यावर आला, चित्रकथा मागून निघाल्या. मुकेश खन्ना यांचा शक्तिमान योगसाधनेने चक्रे जागृत करून सामर्थ्य मिळवतो, आणि गंगाधर हा त्याचा बावळट मुखवटा. वेताळाची मांडणी येथे नेमकी उलटली आहे. वेताळ हा शक्ती असल्याचे सोंग करणारा माणूस, तर गंगाधर हे माणूस असल्याचे सोंग करणारी शक्ती. प्रेक्षकाला एक गुपित येथेही कळते, पण ते शक्ती खरी असल्याचे गुपित आहे. तिच्याबद्दल शंका घ्यायला जागा उरत नाही. शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या मालिका चालू असताना वृत्तपत्रांत आल्या. त्या प्रत्येक बातमीची कारणमीमांसा काहीही असो, अनुकरण करू नका असे मुलांना सांगण्यासाठी नायकालाच कथेबाहेर यावे लागले, हे अर्थपूर्ण आहे. चित्रकथेत निवेदक जे काम कथेच्या आत, एका म्हणीच्या आधाराने करीत होता, ते येथे कथेबाहेर सूचना देऊन करावे लागले.

६

या विवेचनातून दूरचित्रवाणीविरुद्ध निवाडा द्यावयाचा नाही. वेताळाच्या चित्रकथेत वसाहतवादी दृष्टी मुरलेली होती, आणि इंद्रजालने ती उघडी न करता झाकली. पहिला प्रश्न मुद्रणानेच विझवला. मात्र दुसरा प्रश्न, म्हणजे आख्यायिका कोण रचते आणि तिच्यामुळे कोणाची सत्ता टिकते, हा मुद्रित संहितेत शिल्लक होता. चौकटीपाशी थांबण्याची, मागचे पान उलटण्याची, म्हण आणि चित्र यांची तुलना करण्याची मुभा वाचकाला होती. दूरचित्रवाणीने आख्यायिकेला वस्तुस्थिती केले, तेव्हा हा प्रश्नही मिटला.

ही चित्रकथा बालसाहित्याच्या कोपऱ्यात ठेवून आपण तिच्याकडे पाठ फिरवली. भाषांतरमीमांसेने 'वेताळ' आणि 'डेंकाली' या दोन शब्दांचा विचार केला असता, तर वसाहतोत्तर वाचकाची घडण पाहण्यासाठी फार दूर जावे लागले नसते. रद्दीच्या दुकानांतून आणि घरांच्या माळ्यांवरून त्या मराठी पुस्तिकांचे जे अंक अजून हाती लागतात, ते इंग्रजी अंकांशी चौकटीगणिक ताडून पाहणे हे या दिशेने उचलण्याजोगे पहिले पाऊल होय.