नकार आणि अपमान : लिनक्समधील एका जुन्या वादाची हकिकत

कराडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. एका टोकाला पुणे, दुसऱ्या टोकाला बंगळूर, आणि दोन्हीकडे सॉफ्टवेअरचा धंदा मोठा. साहजिकच या भागातील पुष्कळ मुले-मुली शिक्षण संपवून याच रस्त्याने नोकरीला जातात. तिथे आज्ञावली लिहिणे त्यांना फारसे जड जात नाही. जड जाते ते आपण लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने ओळीओळीने तपासणे. शाळेत वही तपासली जाते ती गुण देण्यासाठी. इथे तपासणीतून सुटलेली चूक हजारो यंत्रांत जाऊन बसते. तेव्हा तपासणाऱ्याने कडक असले पाहिजे, हे सर्वांना मान्य आहे. पण कडक म्हणजे काय, यावर संगणकाच्या जगात बरीच वर्षे वाद चालला. त्यातील एक प्रकरण पुण्याशी जोडलेले आहे. ते शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले, की आपण हौसेखातर एक कार्यकारी प्रणाली लिहीत आहोत. कार्यकारी प्रणाली म्हणजे संगणकाचे सर्व भाग चालवणारी मूळ आज्ञावली, आणि तिचा गाभा म्हणजे कर्नल. लिनक्सचा पहिला कर्नल सुमारे १० हजार ओळींचा होता. आज ही संख्या ३ कोटींच्या पुढे गेली आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये हाच गाभा असतो, आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी २०१७ च्या नोव्हेंबरपासून संपूर्णपणे लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांची आहे.

एवढे काम एका माणसाचे नव्हे. जगभरातील लोक दुरुस्त्या लिहून ई-मेलने पाठवतात. अशा दुरुस्तीला पॅच, म्हणजे ठिगळ म्हणतात. कर्नलच्या एकेका विभागाला सांभाळणारा एक प्रमुख असतो. तो ठिगळ तपासतो, बहुतेक वेळा परत पाठवतो, आणि पटले तर वर देतो. सर्वांत वर टोरवाल्ड्स. हा सर्व व्यवहार उघड्यावर चालतो. कोणी कोणाला काय म्हटले, ते साऱ्या जगाला वाचता येते आणि पुसले जात नाही. वर्गात फळ्यासमोर उभे राहून रागावून घेणे आणि हे, यात हा मोठा फरक आहे. फळा निदान पुसता येतो.

आता पुण्याचे प्रकरण. आज्ञावलीतील चुका शोधण्याच्या साधनाला डीबगर म्हणतात. त्याच्या साहाय्याने चालती आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबवता येते आणि त्या क्षणी स्मृतीत कोठे काय आहे ते पाहता येते. साध्या आज्ञावलीसाठी हे सोपे आहे, पण कर्नलसाठी नाही. कर्नल थांबला की सारा संगणकच थांबतो, मग पाहणार कोण? शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध पडलेला डॉक्टर स्वतःची नाडी पाहू शकत नाही, तशातला प्रकार. उपाय असा, की दोन संगणक तारेने जोडायचे. एकावर तपासायचा कर्नल, दुसऱ्यावर डीबगर. पहिला थांबला की दुसरा त्याला प्रश्न विचारतो. यासाठी कर्नलमध्ये उत्तरे देणारा एक छोटा भाग आधीच बसवून ठेवावा लागतो. या साधनाचे नाव केजीडीबी.

त्यावर अनेकांनी काम केले. २००० नंतरच्या काही वर्षांत त्याचा सांभाळ पुण्यातील अमित काळे यांच्याकडे होता. पुण्याची लिनसिससॉफ्ट ही छोटी कंपनीही त्यात होती. अडचण तांत्रिक नव्हती. टोरवाल्ड्स यांना कर्नलमध्ये डीबगर नकोच होता.

६ सप्टेंबर २००० रोजी त्यांनी एक ई-मेल लिहिले. निमित्त होते सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या केडीबी या तशाच दुसऱ्या साधनाचे. आपल्याला डीबगर आवडत नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कारणही दिले, आणि ते विचार करण्याजोगे आहे. डीबगर हाती असला की माणूस चुकीचे लक्षण पाहतो आणि तेवढेच बुजवतो. डीबगर नसला तर त्याला थांबून, सगळी रचना समजून घेऊन, चूक मुळात का झाली याचा विचार करावा लागतो. कॅल्क्युलेटर वर्गात आणू द्यावा की नाही, या आपल्या वादाचेच हे भावंड आहे. येथवर हा मुद्दा सभ्य आहे. पण पुढे त्यांनी असेही लिहिले, की जे सावध नाहीत ते लवकर गळून गेलेले बरे, आणि त्यासाठी आपल्याला कोणी दुष्ट म्हटले तरी हरकत नाही.

म्हणजे एकाच पत्रात दोन वेगळ्या गोष्टी आल्या. एक, साधनाबद्दलचे मत. दुसरी, माणसांबद्दलचे धोरण : शिकवायचे नाही, चाळायचे. आमच्या मते पुढच्या १८ वर्षांचा सारा घोटाळा या दोन गोष्टी एकच समजण्यातून झाला.

नकारानंतर केजीडीबी मेले नाही. टोरवाल्ड्स यांचे निकटचे सहकारी अँड्र्यू मॉर्टन चाचणीसाठी कर्नलची एक वेगळी आवृत्ती चालवत. तीत त्यांनी हे ठिगळ अनेक वर्षे ठेवून दिले. ज्यांना हवे त्यांनी वापरावे, चुका कळवाव्या. २००४ च्या सुमारास काळे, टॉम रिनी, पावेल माखेक आदींनी त्याचा अत्यावश्यक गाभा आणि जादा सोयी वेगवेगळ्या केल्या. पुढे जेसन वेसल यांनी सूत्रे घेतली, आणखी छाटणी झाली, आणि जुलै २००८ च्या २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी अधिकृतपणे दाखल झाले. ज्या केडीबीवरून २००० साली तोफ डागली गेली होती, तेही २०१० साली त्याच्याच जोडीने आत आले.

या आठ वर्षांचा हिशोब कसा मांडायचा? नकाराने काहीच साधले नाही असे म्हणता येणार नाही. आत आलेले साधन आटोपशीर होते, इतर विभागांत कमीत कमी हात घालणारे होते. नकार पक्का नसता तर कदाचित आधीचे अवजड रूपच आत आले असते. परंतु ही छाटणी झाली ती "हे मोठे आहे, इथे ढवळाढवळ होते" अशा नेमक्या हरकतींमुळे, आणि मॉर्टन यांच्यासारख्यांनी दरम्यान जागा दिल्यामुळे. गळून गेलेले बरे, या वाक्याने एकही ओळ सुधारली नाही.

कठोर शब्दांचे सर्वांत गाजलेले उदाहरण २३ डिसेंबर २०१२ चे. ब्राझीलचे माउरो कार्व्हालो चेहाब हे चित्र-ध्वनी विभागाचे प्रमुख. त्यांच्या विभागातील एका बदलामुळे कर्नल एका ठिकाणी भलताच त्रुटी-क्रमांक परत देऊ लागला आणि त्यावर विसंबणाऱ्या ध्वनीच्या आज्ञावल्या बिघडल्या. चेहाब यांनी दोष त्या आज्ञावल्यांना दिला. टोरवाल्ड्स खवळले, आणि त्यांनी जाहीरपणे, मोठ्या अक्षरांत, शिव्यांसह त्यांना गप्प बसायला सांगितले. मूळ नियम मात्र लाखमोलाचा होता : कर्नल बदलला म्हणून लोकांची चालू कामे बिघडता कामा नयेत, बिघडली तर दोष कर्नलचा. मंडळाने परीक्षेच्या मध्यावर गुणांची पद्धत बदलावी आणि मुलांना म्हणावे, तुमचाच अभ्यास चुकला, तसे ते होते. हा नियम चार शांत वाक्यांत सांगता आला असता. चेहाब पुढेही आपला विभाग सांभाळत राहिले. पण ते पत्र वाचून किती नवख्यांनी आपले पहिले ठिगळ पाठवलेच नाही, याची नोंद कोठेच असणार नाही.

जुलै २०१३ मध्ये यूएसबी ३.० चा भाग सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी याला उघड हरकत घेतली. टोरवाल्ड्स यांचा युक्तिवाद असा, की खोट्या सौजन्यात अर्थ हरवतो. ई-मेलवर चेहरा दिसत नाही, निरनिराळ्या देशांची माणसे असतात. तेव्हा रोखठोक बोललेले बरे. यात तथ्य आहे, हे आपल्याकडच्या शिक्षकांना पटेल. "बघू या", "विचार करू" असे गुळमुळीत ऐकून एखादा विद्यार्थी सहा महिने चुकीच्या वाटेने जातो. स्पष्ट "नाही" ही त्याच्यावर दयाच असते. पण रोखठोक बोलायला अपमान लागत नाही. शार्प यांनी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कर्नलचे काम सोडल्याचे जाहीर केले.

या वादात दुसऱ्या बाजूने नेहमी एक पुरावा दिला जाई : लिनक्स इतके यशस्वी झाले, आणि टिकलेल्या लोकांना या भाषेचे काही वाटत नाही. वैज्ञानिक दृष्टीने हा पुरावा कच्चा आहे. दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलांनाच विचारले, की छडीने तुमचे काही बिघडले का, तर ती नाहीच म्हणतील. शाळा सोडून गेलेली मुले नमुन्यात नाहीतच.

गंमत म्हणजे ही गोष्ट संगणकाच्या जगाला फार आधी ठाऊक होती. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्रॅमरांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. एका प्रोग्रॅमरने आपले काम सहकारी बाईंना तपासायला दिले आणि अवघ्या १३ विधानांत १७ चुका निघाल्या. त्याने त्या लपवल्या नाहीत, हसत इतरांना सांगितल्या. आज्ञावली म्हणजे मी नव्हे, ही भावना रुजली तरच चुका बाहेर येतात, असे वाइनबर्ग यांचे म्हणणे. १९७६ साली आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी तपासणीची रीतसर पद्धत मांडली, तेव्हा तीत अटच घातली, की सापडलेल्या चुकांचा उपयोग लिहिणाऱ्याची लायकी ठरवण्यासाठी करू नये.

मलकापूरकरांना हे नळावरून समजेल. आमच्या गावाचे नाव चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी घेतले जाते. नळाला तासभरच पाणी येते तिथे गळती लपून राहते, आणि दाब उतरल्यावर त्याच भोकातून घाण आत शिरते. सतत दाब असला की गळती जमिनीवर दिसते. जिथे चूक दाखवली की माणूस सोलून निघतो, तिथे लोक काम पूर्ण झाल्यावरच बाहेर काढतात, आणि तोवर भोक मोठे झालेले असते.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी ४.१९ च्या एका चाचणी-आवृत्तीबरोबर टोरवाल्ड्स यांनी जे लिहिले, ते अनेकांना अनपेक्षित होते. आपले वैयक्तिक हल्ले अनाठायी होते, असे सांगून त्यांनी क्षमा मागितली, आणि लोकांच्या भावना समजून घेण्यासाठी मदत घेऊ म्हणून काही काळ रजा घेतली. त्याच दिवसांत २०१५ ची त्रोटक नियमावली जाऊन नवी आचारसंहिता आली. ४.१९ चे काम ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २२ ऑक्टोबरला पुरे केले आणि टोरवाल्ड्स परतले.

चाळणीची भोके त्याने मोठी झाली का? तसे दिसत नाही. आवृत्त्या साधारण नऊ-दहा आठवड्यांच्या अंतराने येतच राहिल्या आणि ठिगळे परत जातच राहिली. टोरवाल्ड्स काही संत झालेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये उशिरा आलेल्या एका दुरुस्तीला त्यांनी सरळ कचरा म्हटले. शब्द बोचरा होता, पण तो त्या ओळींबद्दल होता आणि पुढे कारणे होती : वेळ टळलेली आहे, आणि ही रचना वाचणाऱ्याला समजायला अधिक अवघड जाते. आम्ही स्वतः तोही शब्द वापरला नसता. तरीही २०१२ चे पत्र आणि हे पत्र शेजारी ठेवून उच्च माध्यमिकच्या मुलांना दोन्हीतील फरक शोधायला सांगणे, हा चांगला तास होईल. शिव्या तेवढ्या शिक्षकांनी आधी गाळाव्यात.

केजीडीबी आजही कर्नलमध्ये आहे. त्याच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर हक्क असलेल्यांची नावे ओळीने दिली आहेत. त्यांत व्हेरिटास आहे, विंड रिव्हर आहे, आणि मध्येच अमित काळे व लिनसिससॉफ्ट यांच्याही ओळी आहेत, २००३ पासून २००६ पर्यंतच्या. ज्या काळात त्यांच्या कामाला दार बंद होते, नेमके त्याच काळातल्या.